बर्फ पडायचा थांबला तर आधी पाणी बघा

रात्री साडेअकराच्या सुमारास घर सामसूम झालं की आमच्या फ्रीजच्या आइस मेकरमधून, म्हणजे आपोआप बर्फ करणाऱ्या भागातून, बर्फ पडल्याचा आवाज यायचा. धडधड करून खडे खालच्या डब्यात पडायचे आणि मागोमाग पाणी भरल्याचा बारीक आवाज. तसा तो दिवसभरात दर दीड-दोन तासांनी पडतच असतो पण दिवसा मिक्सर, टीव्ही, खालचा रिक्षांचा गोंगाट यात कोणाला ऐकू येतोय. एप्रिलच्या शेवटी एका रात्री बाबांना औषध द्यायला उठले होते तेव्हा जाणवलं की आवाज येत नाहीये, आणि कधीपासून येत नाही तेही आठवेना.

बाबा म्हणजे माझे सासरे, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन एप्रिलमध्ये झालं आणि फिजिओच्या व्यायामानंतर दिवसातून तीन वेळा पंधरा-वीस मिनिटं बर्फ लावायचा असं सांगितलेलं. टॉवेलात गुंडाळून, थेट कातडीवर नाही. तेव्हा आमच्या घरात बर्फ ही सरबतापुरती गोष्ट राहिली नव्हती, तो वेळेवर लागायचाच. डबा उघडून बघितला तर खाली थोडे जुने खडे एकमेकांना चिकटून बसलेले आणि वर चार-पाच नवीन, पण कसले, नखाएवढ्या पातळ चकत्या, आणि एक उचलून बघितला तर आतून पोकळ. माझ्या लेकीनं तो दिव्यासमोर धरून दाखवला, नुसतं कवच, मधे हवा.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक बोलावला. त्यानं दार उघडलं, आत बघितलं आणि सांगितलं ताई आइस मेकर गेला, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, साडेआठ हजार. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत त्याला. मी म्हटलं दादा दोन दिवस थांबा, घरी विचारून सांगते. खरं तर घरी विचारायचं काही नव्हतं, मला ते पटतच नव्हतं. मोटर जळली असेल तर बर्फ एकदम बंद व्हायला हवा ना, हा तर महिनाभर हळूहळू बारीक होत गेला होता. हळूहळू कमी होणारी गोष्ट म्हणजे बहुतेक वेळा काहीतरी तुंबतंय किंवा कमी येतंय, हे सिंकच्या नळापासून गॅसच्या बर्नरपर्यंत सगळीकडे बघितलंय.

मग बसून पुस्तिका वाचली, आणि आइस मेकर काम कसं करतो हे नीट समजून घेतलं. हे सगळ्यांनी एकदा समजून घ्या कारण यातच निम्मं निदान आहे. ज्या फ्रीजला मागून पाण्याची लाइन जोडलेली असते त्यात फ्रीजरमधे एक साचा असतो. साच्याला सेन्सर असतो, तिथलं तापमान साधारण उणे ९-१० पर्यंत उतरलं की त्याला कळतं बर्फ गोठला. मग काही मॉडेलमधे साच्याखालचा छोटा हीटर थोडा वेळ चालू होऊन खडे सुटे करतो आणि दांडा फिरून ते बाहेर ढकलतो, काहींमधे प्लास्टिकचा ट्रेच पिळला जातो. खडे पडले की मागचा पाण्याचा व्हॉल्व्ह उघडतो आणि साचा परत भरतो. आता मुद्दा असा की बऱ्याच फ्रीजमधे हा व्हॉल्व्ह पाणी किती भरलं ते बघत नाही, तो ठरलेल्या वेळापुरता उघडतो, साधारण सात-आठ सेकंद, आणि बंद होतो. तेवढ्या वेळात पाणी जोरात आलं तर साचा भरला, मंद आलं तर तळाशी थोडंसं. त्या थोड्याशा पाण्याच्याच त्या चकत्या. म्हणजे खडे बारीक झाले, पोकळ झाले तर पाणी कमी येतंय, आणि आइस मेकर बिचारा मिळेल तेवढ्या पाण्याचा बर्फ करतोय.

मोटर खरंच गेली का हे बघायची सोपी पद्धत आहे. बहुतेक आइस मेकरला टेस्टचं बटण असतं, जागा प्रत्येक मॉडेलला वेगळी, आमच्यात पुढच्या बाजूला खालून आहे, ते तीनेक सेकंद दाबून धरायचं. हात बाहेर काढून घ्या आणि बघत राहा. आमचा फिरला. व्यवस्थित फिरला, होत्या त्या दोन चकत्या टाकल्या, मग मागून व्हॉल्व्हचा घूं आवाज आला, आणि साच्यात पाणी पडलं नाही. एक थेंबही नाही. म्हणजे मोटर चालू, व्हॉल्व्हला करंट जातोय, पाणीच नाही. साडेआठ हजार वाचले ते तिथेच.

तरी मी आधी थंडी तपासली कारण ते सगळ्यात सोपं. फ्रीजर उणे १८ ला हवा. स्क्रीनवर उणे १८ दिसतं पण ते लावलेलं तापमान, आतलं खरं किती ते वेगळं असू शकतं. थर्मामीटर मटारच्या दोन पाकिटांच्या मधे रात्रभर ठेवला, सकाळी उणे ११. मे महिना तोंडावर, फ्रीजर गच्च भरलेला, आंब्याचा रस काढून डबे ठेवलेले, खवलेला नारळ, कोकमाचं आगळ, आणि रसाचे दोन मोठे डबे नेमके मागच्या जाळीला टेकवलेले जिथून थंड हवा येते. ते खाली सरकवले, जाळीपुढे चार बोटं जागा ठेवली, दुसऱ्या सकाळी उणे १७. दाराचं रबरही ओल्या फडक्यानं पुसून घेतलं, खालच्या कोपऱ्यात चिकट झालं होतं आणि तिथून दमट हवा आत जायची. मुंबईच्या हवेत दार नीट लागलं नाही तर आत लगेच भुरभुरीत बर्फ साचतो आणि डब्यातले खडे चिकटून ढेकूळ होतं, आमच्या डब्यातलं ते ढेकूळ कुठून आलं ते तेव्हा कळलं. पण पाणी अजून नव्हतंच.

मग फिल्टर. सहा महिन्यांनी बदला असं सगळेच सांगतात, आमचा अकरा महिन्यांचा झाला होता कारण डिसेंबरात बाबांच्या दवाखान्याच्या धावपळीत राहून गेला. फ्रीजच्या दारात पाण्याचा नळ असेल तर एक मोजणी करून बघा. मापाचा कप धरायचा आणि घड्याळ लावून दहा सेकंद पाणी घ्यायचं, साधारण पाऊण कप म्हणजे १७०-१८० मिली यायला हवं. आमच्याकडे ६० आलं. फिल्टर काढून त्याच्या जागी फ्रीजसोबत आलेलं बायपासचं बूच लावलं (हे बूच टाकून देऊ नका, ड्रॉवरमधे जपून ठेवा, अशा वेळी तेच कामाला येतं) आणि परत मोजलं तर ८५. म्हणजे फिल्टर तुंबला होता हे खरं पण सगळा दोष त्याचा नाही, अजून मागे काहीतरी आहे.

फ्रीज पुढे ओढला. हे एकट्यानं करू नका, नवरा आणि वॉचमनदादा दोघं होते. प्लग काढला, भिंतीतला कॉक बंद केला. पाइप कुठे दाबला गेलाय का बघितलं, बरेचदा फ्रीज मागे ढकलताना तो बारीक पाइप चेपतो आणि तेवढ्यानंच काम अडतं, आमचा ठीक होता. व्हॉल्व्हला जिथे पाइप लागतो तिथे आत बारीक गाळणी असते, ती काढून उजेडात धरली तर तांबूस चिखल. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकर येतो आणि त्या पाण्यात कायम काहीतरी असतं. महापालिकेचं पाणी आपलं तलावांचं, भातसा, वैतरणा, तानसा इकडचं, ते मऊ, त्याचा बर्फही बरा होतो. टँकरचं बरंचसं बोअरवेलचं असतं, क्षाराचं, त्याचा बर्फ ग्लासात वितळला की तळाशी पांढरी पूड राहते. ती पूड म्हणजे पाण्यातला चुना, त्यानं घाबरायचं कारण नाही, पण फ्रीजमधल्या कार्बनच्या फिल्टरनं ती जात नाही हेही लक्षात ठेवा, तो क्लोरिनचा वास-चव आणि थोडा गाळ घेतो, क्षार घेत नाही. गाळणी जुन्या टूथब्रशनं धुतली, परत बसवली.

आणि मग पाइप परत जोडायच्या आधी त्याचं तोंड बादलीत धरून नवऱ्याला म्हटलं कॉक उघड. बादलीत जी धार पडली ती बघून आम्ही दोघंही गप्प झालो. करंगळीएवढीही नाही, नुसती गळल्यासारखी. फ्रीज बाजूला, फिल्टर बाजूला, ही थेट भिंतीतून येणारी धार.

आम्ही मुलुंडला राहतो, पुनर्विकासानंतरची सात मजल्यांची बिल्डिंग, आमचं घर सातव्यावर, डोक्यावर थेट गच्ची आणि टाकी. आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे अगदी असाच फ्रीज आहे, त्यांचा बर्फ कधी थांबला नाही. हे मला आधी आठवायला हवं होतं. पाण्याचं गणित सरळ आहे, टाकी जितकी वर तितकं प्रेशर, दहा मीटर उंचीला एक बार (प्रेशर मोजायचं माप). फ्रीजच्या व्हॉल्व्हला बहुतेक कंपन्या कमीत कमी २० पीएसआय मागतात, म्हणजे साधारण १.४ बार, म्हणजे टाकीतलं पाणी फ्रीजच्या १४ मीटर वर हवं. काकूंच्या घरापासून टाकी अठरा मीटरच्या वर आहे, त्यांना मिळतं. आमच्या घरापासून जेमतेम चार मीटर. म्हणजे नुसत्या टाकीच्या भरवशावर आमचा आइस मेकर चालूच शकत नाही. मग दोन वर्षं चालला कसा?

तर गच्चीवर वरच्या दोन मजल्यांसाठी बिल्डरनं प्रेशर पंप दिलेला आहे. वॉचमनदादांसोबत वर गेले, बघते तर पंप बंद. त्याचा प्रेशर स्विच मार्चमधे गेला होता आणि पाणी तुटू नये म्हणून बाजूनं बायपास करून ठेवलेलं. शॉवरची धार मंद झाली होती हे आम्हाला सगळ्यांनाच जाणवलं होतं, सहाव्यावरच्यांनाही, पण उन्हाळा म्हटल्यावर सगळ्यांनी पाणीकपात असेल म्हणून सोडून दिलं. कपातीनं पाणी कमी वेळ येतं, टाकी कमी भरते, पण टाकीतून घरात येणारी धार त्यानं अशी मंद होत नाही. ते वेगळं दुखणं.

आता मंद प्रेशरनं अजून एक गोष्ट होते जी मेकॅनिकनं सांगायला हवी होती असं मला मनापासून वाटतं. हा व्हॉल्व्ह घट्ट बंद व्हायलासुद्धा पाण्याच्या दाबाची मदत घेतो. दाब कमी असला की तो पूर्ण मिटत नाही, थेंब थेंब गळत राहतो, आणि ते थेंब साच्यात पोचायच्या आधी वरच्या नळीतच गोठतात. रोज थोडा थर, शेवटी नळी बंद. म्हणून माझ्या टेस्टच्या वेळी एक थेंबही पडला नव्हता. दारातल्या नळाला पाणी आणि साच्यात काहीच नाही, असं असेल तर ही नळी गोठली आहे असं समजून चाला.

ती मोकळी केली ते सांगते. प्लग काढलेलाच होता. बर्फाचा डबा बाहेर काढला, आइस मेकरच्या मागच्या बाजूला वरून येणारी पांढरी रबरी नळी असते तिच्या तोंडात बोटानं चाचपडलं तर टणक बर्फाचं बूच. बाबांच्या औषधाबरोबर आलेली सुई नसलेली सिरिंज होती, तिच्यात कोमट पाणी घेऊन थोडं थोडं सोडत गेले, खाली टॉवेल. कोमट म्हणजे हाताला सोसेल असं, उकळतं नाही, प्लास्टिकला तडा जातो. दहा-बारा वेळा सोडल्यावर बर्फाची कांडी सुटून हातात आली, पेन्सिलीएवढी जाड आणि बोटभर लांब, गुळगुळीत. हेअर ड्रायरनंही होतं, कमी गरमवर आणि लांबून, फक्त जवळपास पाणी सांडलेलं असताना नको. सुरी, स्क्रूड्रायव्हर, विणकामाची सुई असलं काहीही आत घालू नका. बर्फ टोचताना एखादं भोक चुकीच्या जागी पडलं तर मग खरंच हजारोंचं काम.

पंप दुरुस्त व्हायला बारा दिवस लागले. मी सोसायटीला पत्र दिलं, त्यात दहा सेकंदांच्या मोजणीचे आकडे लिहिले, सहाव्या-सातव्यावरच्या सगळ्या घरांच्या सह्या घेतल्या, आणि त्या आकड्यांमुळे काम झालं असं मला वाटतं, नुसतं पाणी मंद येतं म्हटलं की कोणी हलत नाही. तेवढे दिवस साध्या प्लास्टिकच्या ट्रेमधे बर्फ लावला, आणि ट्रे रिकामे असले तेव्हा मटारचं पाकीट टॉवेलात गुंडाळून बाबांच्या गुडघ्याला. तेही छान बसतं गुडघ्यावर. खालून बर्फ आणायला मी पाठवलं नाही. २०१८ च्या जूनपासून आपल्याकडे न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे, म्हणजे पांढरा तो खायचा, पण तो कुठल्या पाण्याचा आणि हातगाडीवर कुठल्या गोणपाटात आला हे रंगावरून कळत नाही. गुडघ्याला चालला असता, पण तोच डबा मग कोणीतरी पन्ह्यात रिकामा करतं, घरात असंच होतं.

ज्यांच्या बिल्डिंगला असा पंप नाहीच आणि घर वरच्या मजल्यावर आहे त्यांना प्लंबर फक्त फ्रीजच्या लाइनीवर छोटा पंप बसवून देतो, आरओच्या मशीनमधे असतो तसला. गच्चीच्या टाकीवरून येणाऱ्या लाइनीवरच, पालिकेच्या थेट लाइनीवर मोटर लावायला बंदी आहे. आणि आरओच्या मशीनमधून फ्रीजला जोडणी घेणार असाल तर आधी प्रेशर विचारा, भिंतीवरच्या आरओच्या टाकीतून पाणी नुसतं उताराने येतं, त्यावर आइस मेकर चालत नाही, मधे पंप लागतोच. विकताना हे कोणी सांगत नाही.

पंप चालू झाल्यावर नवा फिल्टर लावला, आधी दारातल्या नळातून दहा-बारा लिटर पाणी सोडून दिलं (झाडांना घातलं), मग मोजलं. १९० मिली. बर्फाला एक दिवस द्यावा लागतो, लगेच बटणं दाबत बसू नका. पहिले दोन-तीन घाणे फेकून द्यायचे, त्यात नळीतलं जुनं पाणी आणि फिल्टरची काळी पूड येते.

आता मी काय पाळते ते. महिन्यातून एकदा डबा काढून कोमट पाण्यात खायचा सोडा टाकून धुते आणि पूर्ण कोरडा करून, अगदी कोपरे पुसून, मगच आत ठेवते, ओला ठेवला की पहिलेच खडे तळाला चिकटतात. बर्फ वापरला जात नसेल तर दोन आठवड्यांनी टाकून देते, जुना बर्फ आक्रसतो आणि वास धरतो. वासाचं म्हणाल तर बर्फ सगळं ओढून घेतो. आईंना सुकट आणि सुके बोंबील फ्रीजरमधेच ठेवायचे असतात आणि त्या ठेवतीलच, पण आता ते घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, वर अजून एक पिशवी. कोकम सरबतात बोंबलाचा वास आला की पाहुणा काही बोलत नाही पण ग्लास अर्धा ठेवतो. सोसायटीची टाकी धुतात त्या दिवशी फ्रीजचा कॉक बंद, आणि पाणी आलं की आधी सिंकचा नळ पाच मिनिटं सोडायचा, गाळ सिंकमधे जाऊ दे, फिल्टरमधे नको. पहिल्या पावसात पाणी गढूळ येतं तेव्हाही लक्ष ठेवते. आणि गणपतीला गावी निघताना आइस मेकर बंद, भिंतीतला कॉकही बंद, कारण मागचा बारीक पाइप सुटला तर सात मजले खाली पाणी जाईल आणि आम्ही सगळे गावाला.

परवा दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी बोलावलं, त्यांचा बर्फ पांढरट झालाय म्हणून घाबरल्या होत्या. ग्लासात वितळवून बघितला, तळाशी काही नाही, नुसती अडकलेली हवा, घरच्या फ्रीजचा बर्फ मधे पांढरा असतोच. त्यांचा फिल्टर मात्र दीड वर्षाचा निघाला. त्यांनी नवीन मागवलाय, मी जाऊन लावून देणार आहे रविवारी. आमची पुढची तारीख कालनिर्णयवर नोव्हेंबरच्या पानावर लिहून ठेवली आहे, बाबांनीच लिहिली, आता काठीशिवाय स्वयंपाकघरापर्यंत येतात ते.